डिलीट केलेला मेल जातो कुठे? थंडरबर्डची साफसफाई, पायरीपायरीने

वेळ अमावस्येच्या आदल्या दिवशी लातूरच्या एका डाळमिलच्या ऑफिसातून मुनीमजींचा फोन आला. "ओ दादा, सकाळधरनं मेल येईनात बगा. दिल्लीच्या पार्टीनं दोनदा पाठवला, दोन्हीबी परत गेला म्हणं." नव्या तुरीची आवक सुरू झालेली, सौदे रोज ठरत होते, आणि दुसऱ्या दिवशी सगळं ऑफिस शेतात जाणार. मी विचारलं, "मुनीमजी, जागा भरली असेल. जुने मेल काढलेत का?" ते म्हणाले, "काढलेत की! हजार-दीड हजार काढलेत. तरी भरलंय म्हणूनच दावायलंय."

मुनीमजींनी खरंच दीड हजार मेल काढले होते, पण ते गेले नव्हते. घरी, दुकानात किंवा ऑफिसात संगणकावर थंडरबर्डसारखा मेलचा प्रोग्रॅम वापरणाऱ्या बहुतेकांचं इथेच अडतं. डिलीटचं बटण दाबलं की मेल यादीतून दिसेनासा होतो, एवढंच. तो ट्रॅशमध्ये असतो, डिस्कवरच्या फाइलमध्ये असतो, बऱ्याचदा सर्व्हरवर, म्हणजे मेल सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावरही असतो. उलट एक सेटिंग चुकीचं पडलं, तर जो मेल जपायचा तोच तिन्ही ठिकाणांहून एकदम जातो. म्हणून माझं सांगणं असं की डिलीटला हात लावायच्या आधी आपला मेल नेमका कुठे राहतो ते बघा. पुढचं सगळं त्यावरच ठरतं.

मेनूतली नावं बहुतेकांच्या पडद्यावर इंग्रजीत असतात. मी ती उच्चाराप्रमाणे देतो आहे. वर मेनूची पट्टी दिसत नसेल तर कीबोर्डवरचं ऑल्ट एकदा दाबा, ती येते.

पहिली पायरी: खातं आयमॅप की पॉप?

'टूल्स'मध्ये 'अकाउंट सेटिंग्ज' उघडा. डावीकडे आपल्या खात्याखाली 'सर्व्हर सेटिंग्ज' आहे, त्यावर क्लिक करा. वरच्याच ओळीत 'सर्व्हर टाइप' लिहिलेलं असतं: आयमॅप किंवा पॉप.

आयमॅप असेल तर खरा मेल सर्व्हरवर राहतो आणि तुमच्या संगणकावर त्याची फक्त प्रत असते. इथे काढला की सर्व्हरवरून, मोबाइलवरून, मालकांच्या लॅपटॉपवरून, सगळीकडून जातो. पॉप असेल तर मेल सर्व्हरवरून उतरवून तुमच्या संगणकात आणला जातो आणि पुढे तो तिथेच राहतो. सर्व्हरवर त्याची प्रत किती दिवस ठेवायची हे याच पानावर ठरतं: 'लीव्ह मेसेजेस ऑन सर्व्हर', त्याखाली दिवसांचा आकडा, आणि 'अनटिल आय डिलीट देम'. पॉपवाल्यांचा संगणक बिघडला आणि सर्व्हरवर प्रत ठेवलेली नसली, तर वर्षांचा पत्रव्यवहार त्या हार्ड डिस्कबरोबर जातो. गावोगावच्या अडत दुकानांत अजूनही पॉप चालू आहे. कुणीतरी दहा-बारा वर्षांपूर्वी बसवून दिलं, पुन्हा उघडून पाहिलं नाही.

मुनीमजींचं खातं आयमॅप होतं आणि सर्व्हरवर जागा होती १ जीबी. किती भरली ते बघायचं तर इनबॉक्सवर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' आणि त्यात 'कोटा' उघडा. सर्व्हर ही माहिती देत असेल तर तिथे आकडा दिसतो. त्यांच्याकडे ९९ टक्के दिसत होते.

दुसरी पायरी: आधी प्रत काढून ठेवा

ही पायरी गाळू नका. 'हेल्प'मध्ये 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' उघडा, त्यात 'प्रोफाइल फोल्डर'च्या ओळीत 'ओपन फोल्डर'चं बटण आहे. प्रोफाइल म्हणजे थंडरबर्ड तुमचे मेल आणि सेटिंग्ज जिथे ठेवतो तो फोल्डर. फोल्डर उघडला की थंडरबर्ड पूर्ण बंद करा आणि मगच तो सबंध फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. आत 'मेल' नावाच्या फोल्डरात पॉपचे आणि 'लोकल फोल्डर्स'चे मेल असतात, 'इमॅपमेल'मध्ये आयमॅपचे.

पेनड्राइव्हवर कॉपी करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बरेच पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यावर ४ जीबीची एक फाइल मावत नाही. जुना इनबॉक्स सहज त्याच्या पुढे जातो. मग कॉपी अर्धी राहते आणि पडद्यावर आलेली सूचना घाईत कुणी वाचत नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या. फॉरमॅटने त्यावरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधी तो रिकामा करा.

आयमॅपवाल्यांना एवढी प्रत पुरत नाही. सर्व्हरवरून मेल गेला आणि तुम्ही जुनं प्रोफाइल परत आणून चालू केलं, की थंडरबर्ड सर्व्हरशी मेळ घालतो आणि तो मेल इथूनही काढून टाकतो. त्यामुळे ज्या मेलवाचून अडेल ते निवडा, उजवं क्लिक करा, 'कॉपी टू'मधून 'लोकल फोल्डर्स'खालच्या एखाद्या फोल्डरात टाका. लोकल फोल्डर्सचा सर्व्हरशी काही संबंध नसतो. हे झालं की मग प्रोफाइलची प्रत काढा.

तिसरी पायरी: काय ठेवायचं

धंद्याच्या ऑफिसात हा मनाचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. जीएसटी कायद्याच्या ३६व्या कलमाप्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. उदाहरण घ्या. २०२३-२४चं वार्षिक रिटर्न भरायची शेवटची तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे त्या वर्षाची बिलं ३१ डिसेंबर २०३०पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिचा निकाल लागल्यावर आणखी एक वर्ष, यातलं जे उशिराचं ते धरायचं. मेलवर आलेलं खरेदीचं बिल, ई-वे बिल, बिल्टी, बँकेचं स्टेटमेंट, भाव ठरल्याचा मेल, हे सगळं त्यात आलं.

ज्या सौद्यात वाद आहे त्याचे मेल आणखी जपा. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३व्या कलमाखाली इलेक्ट्रॉनिक नोंद कोर्टात मांडताना तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. छापून ठेवलेल्या कागदावर मेलचा अर्धाच इतिहास उरतो; तो कोणत्या सर्व्हरवरून, किती वाजता, कसा आला, हे मूळ मेलच्या हेडरमध्येच असतं. असा मेल उघडून 'सेव्ह अॅज' करा, ईएमएल फाइल होते, ती वेगळी ठेवा. आणि त्यातली जोडलेली फाइल काढायच्या फंदात पडू नका.

बाकीच्या ठेवायच्या मेलवर 'एस' दाबून चांदणी लावत चला. 'ए' दाबलं की मेल आर्काइव्हमध्ये जातो आणि मुळात तिथे वर्षवार फोल्डर तयार होतात. पण आयमॅप खात्यात आर्काइव्हही सर्व्हरवरच राहतं, म्हणजे इनबॉक्स नीटनेटका दिसतो आणि जागा एका केबीने मोकळी होत नाही. जागा हवी असेल तर 'अकाउंट सेटिंग्ज'मधल्या 'कॉपीज अँड फोल्डर्स'मध्ये आर्काइव्हचं ठिकाण 'लोकल फोल्डर्स' करा. मात्र मग ते मेल त्या एकाच संगणकावर उरतात, आणि दुसऱ्या पायरीतली प्रत दर महिन्याला काढावीच लागते.

चौथी पायरी: जड मेल आधी शोधा

दीड हजार ओटीपीचे मेल काढून जेवढी जागा होते, तेवढी कधीकधी फोटो जोडलेल्या चार मेलमध्ये होते. म्हणून सुरुवात आकाराने करा. यादी कार्डासारखी दोन-तीन ओळींत दिसत असेल तर यादीच्या वर उजवीकडच्या चिन्हातून 'टेबल व्ह्यू' निवडा. मग रकान्यांच्या पट्टीच्या उजव्या टोकाला छोटं चिन्ह असतं, त्यात 'साइझ'वर खूण करा. आता 'साइझ'च्या रकान्यावर क्लिक केलं की मेल आकाराप्रमाणे लागतात. उलटे लागले तर पुन्हा एकदा क्लिक.

मुनीमजींच्या यादीत सगळ्यात वर होते गाडी भरतानाचे फोटो. एकेका मेलला मोबाइलवरून काढलेले पाच-सहा फोटो, तेही न आटवता. मेलमध्ये फाइल जाते तेव्हा तिचं अक्षरांत रूपांतर होतं, दर तीन बाइटचे चार होतात, म्हणून ६ एमबीचा फोटो मेलमध्ये ८ एमबीची जागा खातो. आणि तोच मेल उत्तराबरोबर पुन्हा जोडून पाठवला असेल तर 'सेंट'मध्येही तेवढाच. सेंटचा फोल्डर आकाराने लावून बघायला विसरू नका, तिथे कुणीच कधी झाडलेलं नसतं.

मजकूर हवा पण फाइल नको, असं असेल तर सबंध मेल काढायची गरज नाही. मेल उघडा, खाली जोडलेल्या फाइलवर उजवं क्लिक करा. 'डिटॅच' म्हटलं की फाइल तुम्ही सांगाल त्या फोल्डरात सेव्ह होते आणि मेलमधून निघते. 'डिलीट' म्हटलं की नुसती निघते. दोन्ही परत फिरवता येत नाहीत. डिटॅच केलेली फाइल नंतर दुसरीकडे हलवली तर मेलमधला दुवा चालत नाही, म्हणून आधीच वर्षाच्या नावाचा फोल्डर करून त्यात टाका.

शोधायला आणखी एक सोय आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि 'के' एकत्र दाबा, यादीवर झटपट गाळणी येते. कागदाच्या पिनेचं चिन्ह दाबलं की फक्त फाइल जोडलेले मेल उरतात. पाठवणाऱ्याचं नाव टाकलं की त्याचेच.

पाचवी पायरी: आता डिलीट

सलग मेल निवडायचे तर पहिल्यावर क्लिक आणि शेवटच्यावर शिफ्ट धरून क्लिक. मधले सोडून निवडायचे तर कंट्रोल धरून. गाळणीत उरलेले सगळे हवे असतील तर कंट्रोल आणि 'ए'. मग डिलीट. चूक झाली तर तिथल्या तिथे कंट्रोल आणि 'झेड' दाबा, मेल परत येतात.

शिफ्ट धरून डिलीट केलं तर मेल ट्रॅशमध्ये न जाता सरळ जातो, आणि त्याला कंट्रोल-झेड लागू पडत नाही. मी स्वतः हे कुणाला शिकवत नाही. घाईच्या वेळी बोटांना सवय लागलेली असते आणि पडद्यावर 'खरंच काढू का' असं विचारलं तरी हात एंटर मारून मोकळा होतो.

पत्रव्यवहार एकाखाली एक साखळीत लावलेला असेल तर मिटलेली साखळी डिलीट करताना आतले सगळे मेल जातात. तशी सूचना येते, ती वाचा. वरचा मेल 'ओके, थँक्स' एवढाच असतो आणि आत भाव ठरलेला असतो.

सहावी पायरी: ट्रॅश रिकामा करा

मुनीमजींची गाडी अडली होती ती इथे. आयमॅप खात्यात ट्रॅशही सर्व्हरवरचाच एक फोल्डर असतो आणि तो तुमच्या १ जीबीतच मोजला जातो. त्यांचे दीड हजार मेल इनबॉक्समधून उठून शेजारच्या खोलीत जाऊन बसले होते. ट्रॅशवर उजवं क्लिक, 'एम्प्टी ट्रॅश'. त्याआधी ट्रॅश एकदा आकाराने लावून वरचे पंधरा-वीस मेल डोळ्यांखालून घाला. आम्ही घातले, त्यात वजनकाट्याच्या पावत्यांचा एक मेल सापडला. तो ओढून परत इनबॉक्समध्ये टाकला आणि मग रिकामा केला. कोटा ३४ टक्क्यांवर आला आणि दहा मिनिटांत दिल्लीच्या पार्टीचा मेल येऊन पडला.

जीमेलचं थोडं वेगळं आहे. तिथे फोल्डर म्हणजे खरं तर लेबल, आणि प्रत्येक मेल 'ऑल मेल'मध्येही दिसतो. नुसतं लेबल निघालं तर मेल ऑल मेलमध्ये राहतो आणि जागा जशीच्या तशी. 'सर्व्हर सेटिंग्ज'मध्ये 'व्हेन आय डिलीट अ मेसेज' समोर 'मूव्ह इट टू धिस फोल्डर' निवडून जीमेलचाच ट्रॅश किंवा बिन दाखवा. तिथले मेल ३० दिवसांनी आपोआप जातात. फुकटची १५ जीबी जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांची मिळून असते, तेव्हा मेल झाडूनही जागा होत नसेल तर मोबाइलचे फोटो तपासा.

सातवी पायरी: कॉम्पॅक्ट

सर्व्हर मोकळा झाला, पण मुनीमजींच्या सी ड्राइव्हवरचा लाल पट्टा हलला नाही. याचं कारण थंडरबर्डच्या साठवणीत आहे. मुळात तो एका फोल्डरचे सगळे मेल एकाच मोठ्या फाइलमध्ये, एकापाठोपाठ एक, लिहीत जातो. तुम्ही मेल काढता तेव्हा फाइलमधला मजकूर पुसला जात नाही, त्यावर 'काढला' अशी खूण होते. रोजमेळात चुकलेल्या नोंदीवर रेघ मारावी तसं. पान काही कमी होत नाही. कॉम्पॅक्ट म्हणजे रेघ मारलेल्या नोंदी सोडून वही नव्याने उतरवणं.

फोल्डरवर उजवं क्लिक करून 'कॉम्पॅक्ट' म्हणा, किंवा सगळ्यांसाठी 'फाइल'मधून 'कॉम्पॅक्ट फोल्डर्स'. नवी वही लिहून झाल्यावरच जुनी फेकली जाते, म्हणून डिस्कवर त्या फोल्डरएवढी मोकळी जागा आधी लागते. ३ जीबीचा इनबॉक्स आणि ५०० एमबी जागा असेल तर आधी दुसरं काही हलवा. आणि लाइटचं बघा. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. यूपीएस नसेल तर हे काम लॅपटॉपवर बॅटरी भरलेली असताना करा, किंवा निदान लाइटचा दिवस बघून करा. चालू असताना मेल उघडू नका, संगणक बंद करू नका.

एकाच फाइलचा आणखी एक धोका इथेच सांगतो. एखाद्या मेलमध्ये व्हायरस सापडला की काही अँटिव्हायरस तो मेल सोडून सबंध इनबॉक्सची फाइल उचलून कोंडून ठेवतात. इनबॉक्स एका रात्रीत रिकामा दिसला तर घाबरून नवीन खातं जोडू नका, आधी अँटिव्हायरसचा क्वारंटाइन बघा.

आठवी पायरी: आपोआप साफसफाई, जपून

ओटीपी आणि जाहिराती हाताने काढत बसणं हे कुणाचंच काम नाही. 'टूल्स'मध्ये 'मेसेज फिल्टर्स' उघडा, 'न्यू' म्हणा. अट एक: विषयात 'ओटीपी' आहे. इथे शब्द मेलमध्ये जसा येतो तसाच, म्हणजे इंग्रजीत, टाका. अट दोन: 'एज इन डेज' ७पेक्षा जास्त. दोन्ही अटी जुळल्या पाहिजेत असं वर निवडा, आणि 'पीरियॉडिकली'वर खूण करा, कारण नुकताच आलेला मेल सात दिवस जुना नसतो. कृती म्हणून पहिला महिनाभर 'डिलीट' ठेवू नका, 'तपासणी' नावाचा फोल्डर करून त्यात हलवायला सांगा. महिन्याने त्या फोल्डरात कामाचा एकही मेल सापडला नाही तर कृती बदला.

'सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज' या पानावर खाली जुने मेल आपोआप काढायची सोय आहे: अमुक दिवसांपेक्षा जुने काढा, किंवा शेवटचे अमुक ठेवून बाकीचे काढा. पॉप खात्यात हेच पान 'डिस्क स्पेस' नावाने दिसतं. काही वर्षांपूर्वी जालन्यात एका बियाण्यांच्या ऑफिसात मी ३० दिवसांचा आकडा टाकला. संगणकावरची प्रत कमी होईल, सर्व्हरवर सगळं राहील, असं मी धरून चाललो होतो. खातं आयमॅप होतं. संध्याकाळपर्यंत दोन हंगामांचे उगवणक्षमतेचे अहवाल संगणकावरूनही गेले आणि सर्व्हरवरूनही. त्या पानावर स्पष्ट लिहिलेलं आहे की मूळ मेलही काढले जातील. मी ती ओळ वाचली नव्हती. जुन्या हार्ड डिस्कवरून निम्मे अहवाल मिळाले, उरलेले प्रयोगशाळेकडून पुन्हा मागवावे लागले, आणि ज्यांना धावपळ झाली त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. तेव्हापासून मी हा नियम सबंध खात्याला लावत नाही. 'तपासणी'सारख्या एकाच फोल्डरवर उजवं क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'रिटेन्शन पॉलिसी', आणि 'ऑलवेज कीप स्टार्ड मेसेजेस' वर खूण, एवढंच.

झाडलोटीचा दिवस महिन्याची २० तारीख उलटल्यावर ठेवा. जीएसटीचं रिटर्न भरेपर्यंत कुठलं बिल कधी लागेल सांगता येत नाही.

आणि नको तो मेल गेलाच तर

आयमॅप असेल तर आधी ब्राउझरमधून सर्व्हरवरचा ट्रॅश उघडा. मेल आहेत पण यादीत विस्कळीत किंवा कोरे दिसतात, असं असेल तर फोल्डरच्या 'प्रॉपर्टीज'मधलं 'रिपेअर फोल्डर' दाबा. त्याने सूची नव्याने बनते.

पॉप असेल आणि शिफ्ट-डिलीट झालं असेल, तर पहिलं काम म्हणजे थंडरबर्ड ताबडतोब बंद करणं. तो ठरावीक जागा वाया गेली की स्वतःहूनही कॉम्पॅक्ट करतो, आणि एकदा ते झालं की वही नवी. कॉम्पॅक्ट झालं नसेल तर मेल अजून फाइलमध्ये आहे. उदगीरच्या एका अडत दुकानात आम्ही असा मेल परत काढला, तो असा.

प्रोफाइलमधल्या 'मेल' फोल्डरात 'इनबॉक्स' नावाची, पुढे काही न जोडलेली फाइल असते, आणि तिच्या शेजारी त्याच नावाची एमएसएफ फाइल, म्हणजे सूची. दोन्हींची आधी प्रत करा. मग इनबॉक्सची फाइल मोठ्या फाइली उघडू शकणाऱ्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि मेलचा विषय किंवा पाठवणाऱ्याचा पत्ता शोधा. विषय मराठीत असेल तर फाइलमध्ये तो सांकेतिक अक्षरांत असतो, तेव्हा पत्त्यानेच शोधा. त्या मेलच्या माथ्यावर 'एक्स-मोझिला-स्टेटस' अशी ओळ दिसेल. वाचलेल्या आणि काढलेल्या मेलसमोर तिथे ०००९ असतं. फाइलमधले हे आकडे इंग्रजी अंकांत आहेत. त्याचं ०००१ करा, फाइल सेव्ह करा, आणि एमएसएफ फाइल काढून टाका. सगळे ०००९ एकदम बदलू नका, नाहीतर गेल्या कॉम्पॅक्टपासून काढलेला सगळा कचरा परत येईल.

थंडरबर्ड उघडल्यावर सूची बनायला वेळ लागतो. उदगीरला सात-आठ मिनिटं लागली. दुकानाचे मालक मागे उभे होते, काही न बोलता. यादी भरत गेली आणि हरभऱ्याच्या सौद्याचा तो मेल आपल्या तारखेच्या जागी येऊन बसला. तो आधी लोकल फोल्डर्समध्ये कॉपी केला, ईएमएल करून पेनड्राइव्हवर ठेवला, आणि मग चहा घेतला.